शिताने चिकटवलेला एक नंबर

पुरवणी जबाब
दिनांक १२ मार्च २०२६, वेळ सकाळी ११.४०

माझे नाव प्रेमिला भैय्यालाल हरिणखेडे, वय ५७ वर्षे, व्यवसाय नोकरी (प्रभारी मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, पळसटोला), राहणार दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया. आज मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समोर बसून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. नोकरीला तेहेतीस वर्षे झाली. येत्या ३१ जुलैला मी निवृत्त होत आहे. शाळा पहिली ते सातवीपर्यंत आहे. जबाब लिहून घेणारे पोलीस हवालदार ओमेश बोपचे चौथीला माझ्या वर्गात होते. हे लिहायची गरज नाही असे ते म्हणाले. मला गरज वाटते.

दिनांक ६ मार्च रोजी याच ठाण्यात माझा जबाब झाला. "टॅबच्या निवडीबाबत मला काही माहिती नाही, सर्व काम हिमांशू गुरुजींनी केले," असे मी त्यात सांगितले होते. ते खोटे आहे. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरा असल्यामुळे पहिला अर्धा भाग सांगताना मला जड गेले नाही. तो जबाब तसाच राहू द्यावा आणि हा त्याला जोडावा.

हिमांशू सेवकराम कापगते, वय अंदाजे ३१, हे आमच्या शाळेत सहायक शिक्षक आहेत. टॅबच्या निवडीत कंपनीशी संगनमत केल्याच्या आरोपावरून त्यांना १६ फेब्रुवारीला निलंबित केले. ३ मार्चला केवळराम टेंभरे यांनी त्यांच्याविरुद्ध या ठाण्यात तक्रार दिली. केवळराम शेजारच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. हिमांशू गुरुजींचा साळा गोंदियात मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, एवढा एकच पुरावा लोकांकडे आहे. साळा आहे हे खरे आहे. दुकानही आहे. बाकी काही नाही.

हकिगत अशी. गेल्या वर्षी आमच्या परिसरातील चौदा शाळांसाठी टॅब घ्यायचे ठरले. कोणता टॅब घ्यावा हे मुलांच्या हाती देऊन पाहावे, असे तालुक्याच्या कार्यालयाने ठरवले आणि चाचणीसाठी आमची शाळा निवडली. ८ सप्टेंबरला तीन कंपन्यांचे तीन नमुने आले. तिन्ही काळे, एकाच आकाराचे. पक्षपात नको म्हणून कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावलेली होती आणि पाठीवर कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, १, २, ३. कोणता नंबर कोणत्या कंपनीचा याची यादी कार्यालयाने ठेवली नव्हती. यादी ठेवली की ती फुटते, असे तेथील लिपिकांनी सांगितले. नंबर निवडून आला की पट्टी काढायची आणि नाव वाचायचे, अशी पद्धत होती. पद्धत चांगली होती, आजही मला चांगलीच वाटते.

चाचणीचे काम मी हिमांशू गुरुजींना दिले. मला त्यातले कळत नाही आणि त्यांना हौस होती. त्यांनी शंभर पानी वही केली आणि रोज नोंद ठेवली. टॅब कसा निवडावा याचे त्यांना कार्यालयातून दोन पानी पत्रक आले होते. ते बाजूला ठेवून त्यांनी मुलांना विचारले, तुम्हाला हा कुठे कुठे लागेल. मुलांनी सांगितले त्याप्रमाणे चाचणी झाली. व्हरांड्यात उन्हात धरून अक्षर दिसते का ते पाहिले. जेवल्यावर ओल्या बोटाने चालतो का ते पाहिले. "विद्यार्थी" हा शब्द नीट उमटतो की फुटतो, लाईन गेल्यावर शाळा सुटेपर्यंत टिकतो का, हेही पाहिले. १८ सप्टेंबरला पहिल्या नंबरचा टॅब व्हरांड्याच्या पायरीवर पडला आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला. हिमांशू गुरुजींनी मुलांना रागावण्याऐवजी वहीत लिहिले, "एक नंबर पडला. कोपऱ्याला टवका. चालू आहे." ही नोंद महत्त्वाची आहे, पुढे येईल.

३० सप्टेंबरपर्यंत सगळ्यांचे मत झाले. पहिल्या नंबरचा सगळ्यात चांगला, दुसरा बरा, तिसरा तापतो आणि बारा वाजता बंद पडतो. मुले म्हणत, "एक नंबर तं एकच नंबर आहे गुरुजी." १ ऑक्टोबरला हिमांशू गुरुजींनी अहवाल लिहिला, तिन्ही टॅबमधले मुलांचे काम पुसले, ते बंद केले आणि अहवालासह माझ्या कपाटात ठेवले. अहवालात शेवटचे वाक्य होते, "नमुना क्रमांक १ घ्यावा." अहवाल मी वाचला आणि सही केली. त्या वेळी तो शब्द न् शब्द खरा होता.

२ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले. हिमांशू गुरुजींना स्वच्छतेच्या कार्यक्रमासाठी तालुक्याला बोलावले होते, ते शाळेत नव्हते. सकाळी झेंडा, भाषणे झाली. त्यानंतर पाटीपूजन. दरवर्षी मुले पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात आणि पाट्या देवीच्या तसबिरीसमोर मांडतात. या वेळी सातवीतील रेणू म्हणाली, "मॅडम, आता हेच आमची पाटी होय ना जी? यायचीबी पूजा करू." मी कपाटातून तिन्ही टॅब काढून दिले. नको म्हणायला मला काही कारण दिसले नाही. खरे म्हणजे मला बरे वाटले. रेणूनेच ते ओळीने मांडले, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावले.

नारळ मी फोडला. पाणी टेबलावर सांडले आणि टॅबच्या खालपर्यंत गेले. मी मुलांना प्रसाद वाटायला बाहेर गेले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या सुशिलाबाई राऊत यांनी ओल्या फडक्याने तिन्ही टॅब दोन्ही बाजूंनी पुसले. फडके पिळताना त्यातून तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्या घाबरून माझ्याकडे आल्या. "मी एकेक पुसून जागच्या जागी ठेवलो जी मॅडम, हलवलो नाही," असे त्या म्हणाल्या. ते खरे आहे. सुशिलाबाईंची यात काहीही चूक नाही, त्यांना ठाण्यात बोलावू नये. त्यांच्या गावाहून सकाळी एकच बस येते.

टॅब रेणूने मांडले होते म्हणून मी तिला हाक मारून विचारले, "एक नंबर कोणता गं?" ती पानावरून उठून दारापर्यंत आली, हात भाताने भरलेले होते. "सुरुवातीचा जी," म्हणाली आणि परत गेली. मी टेबलासमोर उभी होते. माझ्या डाव्या हाताकडून पहिला, दुसरा, तिसरा असे मी धरले. टवक्याची नोंद वहीत होती, अहवालात नव्हती, आणि वही मी तोवर उघडलेली नव्हती. शाळेतली डिंकाची बाटली जूनपासून वाळलेली होती. आमच्याकडे पाकिटापासून पताकांपर्यंत सगळे शितानेच चिकटते. मी पातेल्यातले भाताचे शीत घेतले, बोटाने रगडले आणि माझ्या नजरचुकीने तिन्ही चिठ्ठ्या त्या क्रमाने लावल्या.

त्या वेळी हिमांशू गुरुजींना फोन करता आला असता. केला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी काय फोन करायचा, असे वाटले. मला कंटाळा आला होता. सकाळी सहापासून मी उभी होते आणि घरी सोन्याची पाने घेऊन माणसे यायची होती. ३ ऑक्टोबरला गोंदियाला बैठक होती म्हणून मी स्वतःच अहवाल आणि टॅब नेऊन कार्यालयात दिले. तेथे माझ्यासमोर पहिल्या नंबरची पट्टी काढली, नाव वाचले आणि नोंद केली. चहा दिला.

दिनांक १९ जानेवारी रोजी खोके आले. हिमांशू गुरुजींनी मुलांसमोर पहिला खोका उघडला, टॅब हातात घेतला, पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, हा आपला एक नंबर नाही. हा तीन नंबर होय." मी म्हणाले, "कंपनीने कव्हर बदललं असेल." ते म्हणाले, "कव्हर बदलन जी, पण हा तापून राहिला." मला त्याच क्षणी टेबल, फडके आणि सुशिलाबाईंचा चेहरा आठवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी रेणूला शाळेच्या कार्यालयात, त्याच टेबलापाशी बोलावले आणि दसऱ्याला टॅब कसे मांडले होते ते दाखवायला सांगितले. तिने तीन वह्या घेतल्या. ती टेबलाला वळसा घालून तसबिरीकडे पाठ करून उभी राहिली आणि तिकडून एक, दोन, तीन अशा वह्या ठेवल्या. मी विचारले, "अशा उलट्या काऊन?" ती म्हणाली, "उलट्या नाही जी. देवीच्या बाजूनं मांडलो. पूजा देवीची, मंग वाचन कोण? देवीच ना." तिचे बोलणे मला पटले. मी टेबलाच्या अलीकडे उभी होते. देवीचा पहिला म्हणजे माझा तिसरा. दुसरा नंबर मधेच असल्यामुळे मधेच राहिला. पहिला आणि तिसरा माझ्या हाताने बदलले गेले.

येथे हवालदारांनी विचारले की, यात दोन नंबरचे काही नव्हते ना. नव्हते. दोन नंबरवर कोणाचाच आरोप नाही.

रेणू बारा वर्षांची आहे. तिने मांडले ते तिच्या जागी बरोबर होते. मी तिला शाबासकी दिली आणि वर्गात जायला सांगितले. ती आनंदाने गेली. तिच्या हातून काही झाले आहे असे तिला आजपर्यंत माहीत नाही आणि होऊ नये. हा मजकूर तिच्या घरी कळवू नये अशी विनंती आहे.

त्यानंतर चौदाही शाळांतून तक्रारी येऊ लागल्या. टॅब तापतात, बारा वाजता बंद पडतात, उन्हात दिसत नाहीत. आमच्या वहीत तिसऱ्या नंबरसमोर जे लिहिले होते तेच शब्द. केवळराम टेंभरे आमच्या शाळेत आले आणि हिमांशू गुरुजींना मुलांदेखत म्हणाले, "गुरुजी, पोरायले हे कायले देल्ले? पाटी बरी होती. तुमचं काय भलं झालं यात ते तं सांगा." केवळराम वाईट माणूस नाही. गेल्या वर्षी याच हिमांशू गुरुजींचा सत्कार त्यांनीच केला होता आणि पुष्पगुच्छ स्वतः गोंदियाहून आणला होता. हिमांशू गुरुजी एवढेच म्हणाले की आम्ही निवडला तो हा नाही. ते सगळ्यांना हेच सांगत राहिले. कार्यालयात जाऊन त्यांनी जुने नमुने दाखवा म्हणून अर्ज दिला. नमुने सीलबंद आहेत, चौकशी चालू असेपर्यंत दाखवता येत नाहीत, असे उत्तर मिळाले.

या काळात मी रोज शाळेत जात होते, हजेरी घेत होते, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते. २० जानेवारीपासून आजपर्यंत हे मी कोणाला सांगितले नाही. मला भीती वाटत होती. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की माणूस निवृत्त होऊनही सुटत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. नीट जाऊ दे, एवढेच डोक्यात होते. त्यांना निलंबनाचा कागद माझ्याच हाताने द्यावा लागला. त्यांनी तो वाचला आणि पोच म्हणून सही केली. पाचवीच्या अपूर्णांकांचा पाठ अर्धा राहिला आहे, तो कोण घेईल, असे त्यांनी विचारले. मी घेते म्हणाले. अजून घेतलेला नाही.

परवा, १० मार्चला, सकाळी साडेआठच्या सुमारास हिमांशू गुरुजी माझ्या घरी दवनीवाड्याला आले. देवरीकडच्या त्यांच्या गावाहून ते पहिल्या बसने निघाले होते. दाढी वाढलेली होती. बसायला सांगितल्यावर बसले. त्यांच्याजवळ ती शंभर पानी वही होती. ती माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मी रातंदिवस हेच पाहून राहिलो. माझ्याच हातून अहवालात एक-तीनची अदलाबदल झाली असन का? तुमी पेपर तपासता तसं तपासून सांगा. मले आता माझ्यावरच भरवसा नाही राहिला."

मी चष्मा लावून वही तपासली. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. एकही चूक नाही. अक्षर सुरुवातीला जसे आहे तसेच शेवटी आहे. माझ्या पतीने चहा आणला तोपर्यंत मी वरच पाहिले नाही.

ते पुढे म्हणाले की त्यांनी ठरवले आहे. गुरुवारी, म्हणजे आज दुपारी, ठाण्यात येऊन "माझ्याकडून लिहिताना नंबर चुकला" असे ते लिहून देणार आहेत. पैसे खाल्ले म्हणवून घेण्यापेक्षा बेअक्कल म्हणवून घेतलेले बरे, असे त्यांच्या वडिलांचे मत पडले. मी त्यांना म्हणाले, "वही ठेवून जा. पाहते." ते गेले. जाताना पाया पडले. मी पाय मागे घेतले नाहीत, याची मला फार लाज वाटते.

वही मी आज सोबत आणली आहे आणि ती ठाण्यात जमा करत आहे. कार्यालयातील सीलबंद नमुने पोलिसांनी पंचांसमक्ष उघडावेत. ज्याच्यावर आज ३ क्रमांकाची चिठ्ठी आहे त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला टवका सापडेल. १८ सप्टेंबरच्या नोंदीप्रमाणे तो पहिल्या नंबरचा आहे. तिन्ही चिठ्ठ्या सोडवून पाहाव्यात. खाली डिंक मिळणार नाही, वाळलेले शीत मिळेल. तांदूळ पळसटोल्याचा आहे, पंचांना ओळखता येईल असे मी म्हणत नाही. हिमांशू गुरुजींनी अहवाल लिहिला तेव्हा बरोबर लिहिला होता. त्यांचा कोणत्याही कंपनीशी संबंध नाही, साळ्याचा असला तरी नाही. आज दुपारी ते आले तर त्यांचा जबाब लिहून घेऊ नये. आधी हा वाचायला द्यावा.

मजकूर लिहून झाल्यावर हवालदार बोपचे काही वेळ पेन टोपणात घालत, काढत बसले. मग म्हणाले, "मॅडम, कायले अंगावर ओढून घेता? चार महिने राहिले तुमचे. चिठ्ठ्या सुशिलाबाईच्या हातून निघाल्या, पोरीनं टॅब उलटे मांडले, इतकं लिहिलं तरी गुरुजी सुटतेत." मी त्यांना हा परिच्छेदही लिहायला सांगितला. त्यांनी लिहिला. "परिच्छेद" शब्दात अजूनही ते चुकतात, तो मी दुरुस्त केलेला नाही.

संपूर्ण जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "माझ्या नजरचुकीने" हे शब्द मी सांगितलेले नसताना दोन ठिकाणी आले आहेत. एक चिठ्ठ्या लावल्या तेथे, आणि एक २० जानेवारीपासून आजपर्यंत कोणाला सांगितले नाही तेथे. कायद्याच्या दृष्टीने माझ्या सोयीचा शब्द आहे, असे ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला आहे. पहिल्या ठिकाणचा शब्द मी ऐकला, तो खोडू नये. दुसऱ्या ठिकाणचा खोडावा. चिठ्ठ्या लावताना माझी नजर चुकली. २० जानेवारीनंतर हिमांशू गुरुजी माझ्याकडे पाहत होते आणि माझी नजर चुकली नाही, मी ती चुकवली. दोन्ही शब्द एका अर्थाचे नाहीत, हे मी स्वतः चौथीला शिकवलेले आहे.

त्याप्रमाणे दुसऱ्या ठिकाणचा शब्द माझ्यासमोर खोडला. अशा जबाबावर सांगणाऱ्याची सही लागत नाही असे कळले. सही नसली तरी पुन्हा वाचून घेतला आहे, मी बोलले तसाच उतरला आहे आणि आता तो पूर्ण खरा आहे.

समक्ष,
ओमेश बोपचे, पोलीस हवालदार
वेळ दुपारी १.१५. हिमांशू कापगते ठाण्याबाहेर बाकावर येऊन बसले आहेत. जबाब देणाऱ्या मॅडम त्यांना आत बोलवायला स्वतः गेल्या.